पंचवीस खोल्या आणि दोन खोल्या

दादरच्या जुन्या गणेशोत्सवाच्या आठवणी निघाल्या की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. विसर्जनाची मिरवणूक एका चाळीपाशी यायची आणि थांबायची. बँडवाले 'भोली सूरत दिल के खोटे' सुरू करायचे. मिरवणूक काही पुढे हलायची नाही. मग वरून एक रुंद छातीचा म्हातारा माणूस यायचा, हात कोपरात वाकवून दोन-चार पावलं टाकायचा, पोरं शिट्ट्या मारायची, आणि मग कुठे बाप्पाची गाडी सरकायची.

तो माणूस म्हणजे भगवान आभाजी पालव. पडद्यावरचं नाव मास्टर भगवान, लोकांच्या तोंडी भगवानदादा. १९५१ च्या 'अलबेला'चा निर्माता, दिग्दर्शक आणि नायक. एके काळी जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी वेगळी अशा सात गाड्या, आणि शेवटी दादरला चाळीतल्या दोन खोल्या. ४ फेब्रुवारी २००२ ला तिथेच, वयाच्या ८८ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले.

हे दोन आकडे, पंचवीस आणि दोन, शेजारी ठेवले की गोष्ट आपोआप तयार होते. 'काय होता आणि काय झाला' ही आपल्याकडे सगळ्यात खपणारी कथा. पुढे दारू, उधळपट्टी, भोळा स्वभाव वगैरे मसाला ज्याच्या त्याच्या चवीप्रमाणे. मला ही कथा अर्धवट वाटते. पैसा नेमका कुठून गेला ते ती सांगत नाही, आणि पैसा गेल्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षं हा माणूस कशावर जगला, हे तर ती विचारतही नाही. म्हणून हे प्रकरण जरा उलगडून बघू.

भगवानदादांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा, अमरावतीचा. वडील मुंबईत गिरणी कामगार. मुलानेही सुरुवातीला मजुरीच केली. डोक्यात मात्र सिनेमा आणि अंगात तालीम. शरीर कमावलेलं, पैलवानी थाटाचं. मूकपटांच्या शेवटच्या दिवसांत ते पडद्यावर आले आणि १९३४ च्या 'हिम्मत-ए-मर्दां'पासून बोलपटात. १९३८ मध्ये चंद्रराव कदमांबरोबर 'बहादूर किसान'चं दिग्दर्शन केलं, आणि तिथून पुढची दहा-अकरा वर्षं ते एकामागून एक स्टंटपट काढत राहिले.

स्टंटपट म्हणजे काय ते आज समजावून सांगावं लागतं. मारामारी, पाठलाग, उड्या, मधून विनोद, कथा नावापुरती. इंग्रजी शाळेतला प्रेक्षक याला नाक मुरडायचा. हा माल गिरणगावातल्या, छोट्या गावांतल्या, पुढच्या बाकांवर बसणाऱ्या माणसांचा. भांडवल बेताचं, म्हणून निर्मात्यानेच सगळं करायचं. कपडे काय घालायचे, युनिटला जेवायला काय, उडी कोण मारणार, सगळं एकाच डोक्यात. भगवानदादा सिनेमा असा शिकले. पुढे सगळं एका हाती ठेवायची जी सवय त्यांना महागात पडली, ती इथली. पण त्या काळात तीच त्यांची ताकद होती.

याच काळातला एक प्रसंग टाळता येत नाही. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात त्यांना ललिता पवारांच्या थोबाडीत मारायची होती. तालमीतला हात, अंदाज चुकला. ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, उपचार तीन वर्षं चालले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची कारकीर्द तिथे संपली. पुढे त्याच मिचकावल्यासारख्या डोळ्याने त्यांनी अवघ्या देशाला सासू म्हणजे काय ते दाखवलं, हे त्यांचं कर्तृत्व. प्रसंग मुद्दाम सांगतोय, कारण या धंद्यात तेव्हा अपघात, आजार, म्हातारपण हे सगळं ज्याचं त्याने बघायचं होतं. भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. गिरणीतला बदली कामगारसुद्धा कुठल्या तरी युनियनचा सभासद असायचा. नट कोणाचाच नव्हता.

१९४२ मध्ये भगवानदादांनी जागृती पिक्चर्स ही संस्था काढली, चेंबूरला जागा घेतली आणि १९४७ मध्ये तिथे जागृती स्टुडिओ उभा केला. गिरणी कामगाराच्या मुलाने चौतिसाव्या वर्षी स्वतःचा स्टुडिओ बांधावा, ही गोष्ट 'अलबेला'पेक्षा मला मोठी वाटते. त्यावर कोणी फारसं बोलत नाही, कारण तिला गाणं नाही.

बरोबर पुणतांब्याचा एक दोस्त होता, रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. भगवानदादांच्या 'सुखी जीवन'ला (१९४२) संगीत देऊन तो हिंदीत उभा राहिला. राज कपूरने सुचवलं की आता मारामारी पुरे, एखादा सामाजिक चित्रपट कर. त्यातून 'अलबेला' झाला. नायिका गीता बाली, गाणी राजेंद्र कृष्ण यांची, संगीत सी. रामचंद्रांचं. भगवानदादांसाठी पडद्यामागून गायले तेही तेच, 'चितळकर' या नावाने. 'शोला जो भडके'त बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन अशी फौज त्यांनी लावली, आणि त्याच चित्रपटात लताबाईंची 'धीरे से आजा री अँखियन में' ही अंगाईही आहे. चित्रपट तुफान चालला.

इथे जरा थांबून ती पावलं नीट बघायला हवीत. गाणं लावा आणि फक्त भगवानदादांकडे बघा. कोपरं अंगाशी, हात पुढे वाकवलेले, मनगटं सैल. पाय जवळजवळ जागच्या जागी. गुडघ्यात किंचित लवायचं आणि ठेका खांद्यावर घ्यायचा. गिरकी नाही, उडी नाही. शेजारी गीता बाली सगळ्या अंगाने नाचते आहे आणि हा गडी चालत चालतच नाचतो आहे, गालात हसत. नाच न शिकलेल्या, अंगाने भरलेल्या माणसाने आपल्या शरीराशी केलेली ती तडजोड आहे. म्हणूनच ती कुणालाही जमते. वरातीत घोड्यापुढे नाचणारा नवरदेवाचा मामा बघा. त्याला वाटतं आपण आपल्याच मनाने नाचतोय. अमिताभ बच्चन, गोविंदा यांच्या नाचात तर ती चाल सरळ ओळखू येते.

'अलबेला'नंतर काय झालं ते लवकर सांगून होतं. त्याच जोडीला घेऊन १९५३ मध्ये 'झमेला' काढला, तो 'अलबेला'च्या जवळपासही गेला नाही. १९५६ चा 'भागम भाग', किशोर कुमारला घेऊन, ओ. पी. नय्यरच्या संगीतावर, बरा चालला. नंतर उतरण. १९६६ चा 'लाबेला' पडला. किशोर कुमारलाच घेऊन सुरू केलेला 'हँसते रहना' पुराच झाला नाही. गीता बाली १९६५ च्या जानेवारीत देवीच्या आजाराने गेली होती. बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओ गेला.

आता मुद्द्याचं. चार-पाच चित्रपट पडल्याने माणूस चाळीत येतो का? चित्रपट सगळ्यांचेच पडतात. प्रश्न असा की पडलेल्या चित्रपटाचं बिल कोणाच्या नावाने फाटतं. सरकारने सिनेमाला उद्योग म्हणायचं ठरवलं ते १९९८ मध्ये. भगवानदादांच्या काळात बँका निर्मात्याला दारात उभं करत नसत. मग एक तर फायनान्सरकडून जबर व्याजाने पैसा उचलायचा आणि तारण म्हणून चित्रपटाची निगेटिव्ह द्यायची, किंवा वितरकाकडून आगाऊ रक्कम घेऊन त्या त्या प्रदेशात चित्रपट दाखवायचे हक्क विकून मोकळं व्हायचं, किंवा स्वतःच्या खिशात हात घालायचा. पहिल्या दोन वाटांनी चित्रपट चालला तरी मलई दुसऱ्याची. तिसऱ्या वाटेने चालला तर बंगला, पडला तर तोच बंगला विकायला.

योगायोग बघा. 'अलबेला' ज्या वर्षी आला त्याच १९५१ साली स. का. पाटलांच्या अध्यक्षतेखालच्या चित्रपट चौकशी समितीचा अहवाल आला. निर्मात्यांना रास्त दराने भांडवल मिळावं म्हणून सरकारी वित्त महामंडळ काढा, ही त्यातली एक शिफारस. ते महामंडळ निघालं १९६० मध्ये. तोवर भगवानदादांचा सुगीचा काळ सरला होता. आणि पुढे या महामंडळाचं नाव झालं ते वेगळ्या वळणाच्या, गंभीर सिनेमासाठी. स्टंटपटवाल्या दादांना तिथे कोणी खुर्ची दिली असती असं मला वाटत नाही.

त्यात स्टुडिओ. चित्रपट निघो न निघो, स्टुडिओ रोज खातो. वीज, सेट, माणसं, कर. दुसऱ्यांना भाड्याने दिला तर तो पोसतो, पण मालक स्वतःच नट, स्वतःच दिग्दर्शक आणि स्वतःच निर्माता असला की भाड्याचा हिशेब बघायला चौथा माणूस लागतो. स्टंटपटाच्या आकाराच्या धंद्यात एका डोक्यात सगळं मावत होतं. 'अलबेला'नंतरच्या आकाराच्या धंद्यात ते मावेना. घराचा पैसा आणि चित्रपटाचा पैसा यांच्यामध्ये भिंतच नव्हती, हे माझ्या मते या प्रकरणातलं खरं दुखणं. सात गाड्यांनी कोणी बुडत नाही. सात गाड्या आणि अर्धवट चित्रपट एकाच वहीत लिहिले की बुडतो.

तुलनेला जॉनी वॉकर घ्या. मूळचे बद्रुद्दीन काझी, इंदूरचे, मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर. त्यांना पहिली मोठी संधी मिळाली 'बाजी'त, तीही १९५१ सालीच, आणि त्यातही गीता बाली होतीच. तेही विनोदी नट, तेही कष्टकरी घरातून आलेले. पण त्यांची कमाई मेहनतान्याची. रविवारी काम नाही म्हणत, पुढे भूमिका आवडेनाशा झाल्या तेव्हा कामच कमी केलं. स्वतः दिग्दर्शन केलं ते एकाच चित्रपटाचं, तेही ऐंशीच्या दशकात. २००३ च्या जुलैमध्ये ते गेले, भगवानदादांनंतर दीड वर्षाने. त्यांच्या शेवटाची कोणी करुण कहाणी सांगत नाही. म्हणजे जॉनीभाई शहाणे आणि दादा वेडे असं मला म्हणायचं नाही. जॉनी वॉकरना 'अलबेला' काढायची हौस नव्हती, एवढंच. हौस असलेल्या माणसाला सांभाळणारी काही व्यवस्था तेव्हा नव्हती.

मग जगले कशावर? छोट्या भूमिकांवर. 'झनक झनक पायल बाजे', 'चोरी चोरी' यांत ते दिसतात, पण तेव्हा त्यांची स्वतःची निर्मितीही चालू होती. पुढे मात्र छोट्या भूमिका हाच पोटाचा आधार झाला. नव्वदच्या दशकापर्यंत ते असे अधूनमधून दिसत राहिले. एखाद्या गाण्यात गर्दीतून पुढे यायचं, ती पावलं टाकायची आणि बाजूला व्हायचं. कित्येकदा भूमिकेला नाव नसायचं आणि त्याची गरजही नव्हती. पावलं दिसली की थिएटरमध्ये आवाज व्हायचा. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं, 'छायागीत'मधून जुनी गाणी घराघरांत आली. चाळीखाली शिट्ट्या मारणाऱ्या पोरांपैकी किती जणांनी 'अलबेला' थिएटरात बघितला असेल? पण पावलं सगळ्यांना पाठ.

आणि या पावलांचा एक छदामही त्यांना बसल्या जागी मिळण्याची सोय नव्हती. आपला स्वामित्व हक्काचा कायदा १९५७ चा. त्यात नृत्यरचना 'नाट्यकृती'त मोडते, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेली असावी लागते, आणि चित्रपट हा त्या व्याख्येतून वगळलेला आहे. दोन-चार पावलांची लकब तर कुणाच्याच नावावर होत नाही. कलावंताचा सादरीकरणावरचा हक्क कायद्यात आला तो १९९४ मध्ये, आणि चित्रपटात काम करायला एकदा होकार दिला की तो हक्क त्या चित्रपटापुरता लागू नाही अशी मेख त्यातही होती. तेव्हा भगवानदादा ८१ वर्षांचे होते. लेखणीतून उतरलेल्या कवितेला वारस मिळतो, गुडघ्यातून उतरलेल्या ठेक्याला नाही. माझी याबद्दल फार तक्रारही नाही. त्या पावलांवर मालकी असती तर वरातीतला मामा काय नाचला असता?

राहिली चाळ. 'शेवटी चाळीत राहावं लागलं' हे वाक्य आपण हळहळून म्हणतो. जरा व्यवहाराच्या बाजूने बघू. मुंबईत १९४७ पासून भाडेनियंत्रण कायदा होता आणि त्यातलं प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या भाड्यावर बांधलेलं होतं. नवा कायदा आला २००० साली. जुन्या चाळीतल्या भाडेकरूला त्यामुळे दादरसारख्या मध्यवर्ती जागी नाममात्र भाड्यात राहता यायचं. काम महिन्यातून दोन दिवस मिळो की सहा महिन्यांतून एकदा, डोक्यावर छप्पर राहायचं. ज्याला पेन्शन नाही अशा माणसाला हीच पेन्शन. गॅलरीत नळाला पाणी आलं की हाक मारणारे शेजारी आणि दुखलं-खुपलं तर जिन्यातून उचलून खाली नेणारी पोरं, हा चाळीतला वरचा बोनस. जुहूच्या बंगल्यात पंचवीस खोल्यांना पंचवीस दारं असतात. चाळीत कुणाचंही दार दिवसा लावलेलं नसतं.

चाळ म्हणजे स्वर्ग असं चित्र रंगवायचं नाही मला. सार्वजनिक संडास, गळकं छप्पर आणि म्हातारपणी चढायचे जिने ज्याने अनुभवलेत तो असलं काही लिहीत नाही. जुहूहून दादरला येताना त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल ते आपण बाहेरून ठरवू नये. पण हिशेब मांडायचा तर मांडावाच लागतो, आणि तो असा निघतो: बंगला, गाड्या, स्टुडिओ, जे जे भगवानदादांच्या मालकीचं होतं ते सगळं गेलं. ज्या दोन गोष्टींनी त्यांना अखेरपर्यंत तगवलं, ती पावलं आणि ती भाड्याची खोली, त्यातलं काहीच त्यांच्या मालकीचं नव्हतं.

तिसरी गोष्ट म्हणजे माणसं. बंगला होता तेव्हाच्या गर्दीतले बहुतेक जण पांगले. चाळीत येत राहिले ते सी. रामचंद्र, राजेंद्र कृष्ण आणि नट ओम प्रकाश. यादी छोटी आहे, पण कोण आहेत ते बघा. 'अलबेला'ची चाल ज्याने बांधली आणि शब्द ज्याने लिहिले ते दोघेही त्यात आहेत. सी. रामचंद्र १९८२ च्या जानेवारीत गेले, राजेंद्र कृष्ण १९८७ मध्ये, ओम प्रकाश १९९८ मध्ये. दादा या सगळ्यांच्या मागे राहिले. उतारवयात माणसाला पैशाची चणचण कळते आणि भागवताही येते, पण आपल्या ऐन उमेदीचा साक्षीदार एकेक करून कमी होतो तेव्हा जुनी गोष्ट अर्ध्यात तोडून 'आठवतंय ना?' असं म्हणायलाच कोणी उरत नाही.

'अलबेला'चं कथानक आठवतं? प्यारेलाल नावाचा साधा कारकून, नाटकाचं वेड, घरच्यांशी खटका उडतो, घर सोडतो, मोठा नट होतो. घरी पैसे पाठवत राहतो आणि ते मधल्या मध्ये जावईबापू गिळतात, घरापर्यंत पोचतच नाहीत. हा परत येतो तेव्हा घराची दैना झालेली असते. १९५१ मध्ये निर्मात्याच्या खुर्चीत बसून त्यांनी हे काढलं, तेव्हा कमावलेला पैसा वाटेतच जिरतो हे त्यांना कथेपुरतं ठाऊक होतं.

२०१६ मध्ये त्यांच्यावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट आला, शेखर सरतांडेल यांनी दिग्दर्शित केलेला. मंगेश देसाई भगवानदादा झाले, विद्या बालन गीता बाली. मंगेश देसाईंचा नाच मी दोनदा बघितला. पावलं चोख आहेत, मेहनत दिसते. एका नटाने दुसऱ्याची लकब इतक्या बारकाईने उचलावी हे कौतुकाचंच. पण मला मूळ गाण्यातला एक क्षण पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. ठेका चालू असताना भगवानदादा मध्येच गीता बालीकडे बघतात आणि क्षणभर खांदा थांबतो, आपण नायक आहोत यावर त्यांचाच विश्वास बसत नसल्यासारखा. मग ठेका पुन्हा पकडतात.